कायदा बदलला, पण तिच्याजवळ कोण बसलं?

सुरुवातीलाच एक सूचना. आजच्या भागात लैंगिक हिंसेबद्दल बोलणार आहोत. घटनेचं वर्णन गरजेपुरतंच येईल, पण विषय जड आहे. आत्ता ऐकायची किंवा वाचायची मनःस्थिती नसेल तर हा भाग खुशाल बाजूला ठेवा. सवडीनं या, किंवा नाही आलात तरी चालेल.

दुसरी गोष्ट. आज ज्या मुलीबद्दल बोलणार आहोत तिचं नाव आपण घेणार नाही. कायद्याचा अभ्यास केलेल्यांना ते ठाऊक असेल. निकालपत्रात ते आहे, पुस्तकांत आहे, मोर्च्यांच्या फलकांवर ते होतं. तरीही नाही. का, ते पुढे ओघात येईल.

तर, गोष्ट सुरू होते विदर्भात. वडसा हे गाव तुम्हाला माहीत असेल. कागदोपत्री नाव देसाईगंज. वैनगंगेच्या काठचं, गोंदियाहून चंद्रपूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं. आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे, पण गडचिरोली जिल्हा झाला १९८२ मध्ये. आपण बोलतोय १९७२ बद्दल, तेव्हा हा सगळा भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता.

२६ मार्च १९७२. रात्री नऊच्या सुमाराला एक आदिवासी मुलगी देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात आली. आईवडील नव्हते, भावाकडे राहायची, मजुरी करायची. डॉक्टरांनी नंतर तिचं वय चौदा ते सोळाच्या दरम्यान धरलं. एका मुलाशी तिचं लग्नाचं ठरत होतं, भावाला ते पसंत नव्हतं, म्हणून त्यानं बहिणीला पळवल्याची तक्रार केली होती. त्या तक्रारीपायी सगळ्यांना ठाण्यात बोलावलं होतं. जबान्या झाल्या, साडेदहाच्या सुमाराला मंडळी निघाली. तेव्हा ठाण्यातल्या दोघा पोलिसांनी, एक हेड कॉन्स्टेबल आणि एक कॉन्स्टेबल, बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं आणि मुलीला आत थांबवलं. आत आपल्यावर काय झालं, ते तिनं बाहेर आल्यावर सांगितलं. कॉन्स्टेबलनं बलात्कार केला, हेड कॉन्स्टेबलनं अंगाशी झोंबाझोंबी केली, असं तिचं म्हणणं होतं.

आता या गोष्टीतला एक भाग असा आहे की तो सहसा कुणी सांगत नाही. सगळे थेट सुप्रीम कोर्टावर उडी मारतात. मला तो भाग फार महत्त्वाचा वाटतो.

ती आत असताना बाहेर तिची माणसं उभी होती. ठाण्यातले दिवे गेले, दार आतून बंद झालं, तेव्हा त्यांना शंका आली. ती ज्या बाईकडे कामाला जायची त्या बाईनं मागच्या बाजूला जाऊन हाका मारल्या, आरडाओरडा केला. आवाजानं लोक जमले. मुलगी बाहेर आली आणि तिथल्या तिथे तिनं सांगितलं. त्या बाईनं तिला रात्रीच डॉक्टरकडे नेलं, डॉक्टरांनी पोलिसांत फिर्याद द्यायला सांगितलं. म्हणजे पुन्हा त्याच ठाण्यात. पोलीस लिहून घ्यायला तयार नव्हते. जमाव हटला नाही. शेवटी फिर्याद नोंदवली गेली.

जरा कल्पना करा. १९७२ सालचं विदर्भातलं एक लहान गाव, रात्रीची वेळ, आणि समोर खाकी वर्दी. त्या जमावात बहुतेक मजुरी करून पोट भरणारी माणसं. त्यांनी तिला एकही प्रश्न विचारला नाही की तू ओरडलीस का, अंगावर ओरखडे आहेत का, आधी काय करत होतीस. तिनं सांगितलं, त्यांनी मानलं, आणि ते तिच्यासोबत उभे राहिले. पुढची सहा वर्षं तिला बरोबर हेच प्रश्न विचारले गेले, आणि विचारणारे सगळे शिकलेले होते.

तीन कोर्टं, एकच प्रश्न

तिची वैद्यकीय तपासणी झाली दुसऱ्या दिवशी रात्री आठला. म्हणजे घटनेला वीसेक तास उलटून गेल्यावर. अंगावर जखमा नाहीत, असा अहवाल आला. त्याच अहवालात योनिपटलाबद्दल नोंद होती की ते आधीच फाटलेलं आहे, जुनं आहे, आणि दोन बोटं सहज जातात. 'टू फिंगर टेस्ट' म्हणून पुढे जी बदनाम झाली ती हीच तपासणी. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीनं या नोंदीचा त्या रात्री काय झालं याच्याशी काडीचाही संबंध नाही. पण कोर्टात ती नोंद सगळ्यात जड ठरली.

१ जून १९७४ ला चंद्रपूरच्या सत्र न्यायालयानं दोघांनाही सोडून दिलं. मुलगी खोटारडी आहे, आणि तिला शरीरसंबंधांची सवय आहे, असा निष्कर्ष काढला. सवय आहे, म्हणजे संमती असणार. असं ते गणित होतं.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं ऑक्टोबर १९७६ मध्ये हा निकाल फिरवला. तिथल्या न्यायाधीशांनी एक साधी गोष्ट मांडली. भीतीपोटी निमूट राहणं वेगळं आणि संमती देणं वेगळं. ठाण्यातले पोलीस तिच्या ओळखीचेही नव्हते. रात्री, बंद ठाण्यात, वर्दीतल्या अनोळखी माणसांपुढे एक पोर गप्प राहिली तर तिनं होकार दिला असं कसं म्हणणार? कॉन्स्टेबलला पाच वर्षं आणि हेड कॉन्स्टेबलला एक वर्ष सक्तमजुरी झाली.

मग प्रकरण गेलं सुप्रीम कोर्टात. 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हे त्या खटल्याचं नाव. १५ सप्टेंबर १९७८ ला निकाल आला आणि दोघेही पुन्हा निर्दोष सुटले. कारणं काय? तिच्या अंगावर जखमा नव्हत्या. तिनं प्रतिकार केल्याची खूण नव्हती. दोघांबरोबर सगळे तिथे असताना तिचा हात धरून तिला नेलं, तेव्हा तिनं आरडाओरडा केला नाही. सबब जबरदस्ती सिद्ध होत नाही.

बघा, तीनही कोर्टांत प्रश्न एकच आहे. ही ओरडली का? फक्त नागपूरला त्याचं उत्तर माणसासारखं शोधलं गेलं.

एक पत्र

निकाल लागला तेव्हा वर्तमानपत्रांत फार काही आलं नाही. रोज शेकडो निकाल लागतात, त्यातला एक. पण कायदा शिकवणाऱ्या काहींच्या तो वाचनात आला. वर्षभरानं, १६ सप्टेंबर १९७९ ला, चौघांनी भारताच्या सरन्यायाधीशांना उद्देशून एक खुलं पत्र लिहिलं. दिल्ली विद्यापीठातले उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर, आणि पुण्याच्या वसुधा धागमवार.

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर प्राध्यापकांनी असं जाहीर पत्र लिहावं, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. त्यात आणीबाणी संपून जेमतेम अडीच वर्षं झालेली. पत्राची भाषा सभ्य होती, पण प्रश्न बोचरे होते. शरण जाणं आणि संमती देणं यातला फरक कोर्टाला दिसला कसा नाही? दोन पोलिसांच्या तावडीत, पोलीस ठाण्याच्या आत सापडलेल्या चौदा-सोळा वर्षांच्या मुलीनं मदतीसाठी कुणाला हाक मारायची होती, पोलिसांना? रात्रीच्या वेळी तिला ठाण्यात बोलावलं, एकटीला थांबवून घेतलं, याबद्दल निकालात निषेधाचा एक शब्दही का नाही? आणि गरीब, अडाणी, मजुरी करणाऱ्या बाईसाठी या देशात राज्यघटनेचा अर्थ काय उरतो?

पत्राच्या प्रती निघाल्या, हातोहात फिरल्या. झेरॉक्स गल्लोगल्ली आलेलं नव्हतं, मोबाइलचा तर प्रश्नच नाही. तरी ते पत्र देशभर पोचलं. ८ मार्च १९८० ला, महिलादिनी, मुंबई, दिल्ली, नागपूर अशा कितीतरी शहरांत बायका रस्त्यावर उतरल्या. निकालाचा फेरविचार करा, ही मागणी होती.

कोर्टानं निकाल बदलला नाही. तो आजही तसाच आहे. पण सरकारला हालचाल करावी लागली. विधी आयोगाचा चौऱ्याऐंशीवा अहवाल १९८० मध्येच आला, त्याच वर्षी विधेयक आलं, आणि १९८३ च्या डिसेंबरमध्ये कायदा झाला. १८६० पासून बलात्काराच्या मूळ कलमांना कुणी फारसा हात लावला नव्हता. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मोठा बदल झाला.

काय बदललं? पोलीस, सरकारी नोकर, तुरुंग किंवा रुग्णालयातले अधिकारी अशांनी ताब्यातल्या बाईवर केलेला बलात्कार हा वेगळा, अधिक गंभीर गुन्हा झाला, किमान दहा वर्षांच्या शिक्षेचा. अशा खटल्यात शरीरसंबंध झाला हे सिद्ध झालं आणि ती म्हणाली की माझी संमती नव्हती, तर कोर्टानं ते गृहीत धरायचं. उलटं सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर. खटला बंद दाराआड चालवायचा. आणि एक नवं कलम आलं, २२८-अ. पीडित स्त्रीचं नाव किंवा तिची ओळख पटेल असा तपशील छापणं हा गुन्हा.

आता लक्षात आलं ना, नाव का घेत नाही ते? जिच्या प्रकरणामुळे हे कलम आलं, तिचंच नाव या देशात सगळ्यात जास्त छापलं गेलं. घोषणांत, अग्रलेखांत, कायद्याच्या परीक्षेतल्या प्रश्नांत. चळवळीनं ते आदरानं घेतलं यात वाद नाही. पण तिला कुणी विचारलं होतं का? २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका निकालात हे आणखी स्पष्ट केलं की मृत पीडितेचं नावसुद्धा, घरच्यांची परवानगी आहे म्हणून, परस्पर जाहीर करता येत नाही. आज हेच कलम भारतीय न्याय संहितेत ७२ क्रमांकाचं आहे. आपण ते पाळूया, कायदा आहे म्हणूनही आणि तिच्यासाठीही.

आंदोलनाच्या टेबलापाशी आलेल्या बायका

इथवरची गोष्ट तुम्ही कदाचित आधी ऐकली असेल. कायद्याची गोष्ट अशीच सांगितली जाते. निकाल, पत्र, मोर्चे, नवा कायदा. विजय.

पण जिच्यावर गुदरलं तिला यातून काय मिळालं? नवा कायदा जुन्या खटल्याला लागू होत नाही. आरोपी सुटलेलेच राहिले. तेव्हा नुकसानभरपाईची योजना नव्हती. तिच्याशी बोलायला समुपदेशक नव्हता, कोर्टात तिच्या शेजारी बसायला कुणी नव्हतं. सहा वर्षं ती एका खटल्यातली साक्षीदार होती. खटला संपला, तिचं काम संपलं.

म्हणून आज मला दुसऱ्या इतिहासाबद्दल बोलायचंय. आधार देण्याच्या इतिहासाबद्दल. तो कायद्याच्या मागून, पाय ओढत चालत आला.

१९८० च्या सुरुवातीला मुंबईत 'फोरम अगेन्स्ट रेप' नावाचा गट जमला. याच निकालाविरुद्ध जमला. पत्रकं वाटायची, सभा घ्यायच्या, पथनाट्यं करायची, सह्या गोळा करायच्या. म्हणजे आपण आज जनजागृती म्हणतो ते. पण झालं काय, की या बायका बलात्काराबद्दल बोलायला लागल्यावर ऐकणाऱ्या बायका त्यांच्यापाशी येऊन आपापलं सांगायला लागल्या. नवरा मारतो. सासरा अंगावर येतो. घरातून काढलंय, आज रात्री कुठे जाऊ? कायदा बदला म्हणून आलेल्या गटापुढे एकदम हा प्रश्न. रात्री कुठे जाऊ, याचं उत्तर पत्रकात नसतं.

त्या गटानं नाव बदललं. 'फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन' झालं, कारण आता विषय फक्त बलात्काराचा राहिला नव्हता. त्याच मंथनातून मुंबईत बायकांसाठी मदतकेंद्र उभं राहिलं. मला यातून एक गोष्ट पक्की दिसते. लोकांत बोलायला लागलं की लोक मदत मागायला येतात. त्यामुळे जनजागृती करायची असेल तर आधी दार उघडं ठेवायची तयारी पाहिजे. दार बंद ठेवून नुसती घोषणा दिली तर धीर करून आलेली बाई परत जाते, आणि दुसऱ्यांदा येत नाही.

१९८३ मध्ये स्त्री मुक्ती संघटनेचं 'मुलगी झाली हो' रंगमंचावर आलं. ज्योती म्हापसेकरांचं हे नाटक गावोगाव गेलं. ते बलात्कारावरचं नाटक नव्हे, बाईच्या एकूण जगण्यावरचं आहे. पण ज्या गोष्टी बायका चार भिंतींत कुजबुजत होत्या त्या गावच्या चौकात, पुरुषांसमोर, मोठ्यानं म्हटल्या गेल्या. याचा परिणाम आकड्यांत मोजता येत नाही, पण त्या पिढीच्या बायकांना विचारून बघा.

१९८४ मध्ये आणखी एक वेगळा प्रयोग झाला. टाटा समाजविज्ञान संस्थेनं, म्हणजे टिसनं, मुंबई पोलीस आयुक्तालयातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. कल्पना साधी होती. बाई शेवटी पोलिसांकडेच येते ना? मग तिथेच प्रशिक्षित समाजसेविका बसवायची. ती पोलीस नाही, पण पोलिसांच्या आवारात आहे. तिला फिर्याद लिहून घ्यायची घाई नाही. ती आधी विचारणार, पाणी हवंय का? मूल कुणाकडे ठेवून आलीस? तुला स्वतःला काय हवंय? पुढे राज्य सरकारनं हा प्रयोग स्वीकारला आणि महाराष्ट्रात ठिकठिकाणी असे कक्ष निघाले. देसाईगंजच्या ठाण्यात त्या रात्री असं एक टेबल असतं तर, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

दवाखान्याची पायरी

पोलिसांनंतरची पायरी दवाखान्याची. आणि इथला बदल सगळ्यात उशिरा झाला.

वर्षानुवर्षं आपल्याकडे बलात्काराची केस दवाखान्यात आली की डॉक्टरच्या लेखी ती रुग्ण नसायची. पुरावा असायची. आधी पोलिसांचं पत्र आणा, मग हात लावू. तपासणी कशी करायची याचा नीट नमुना नाही. कुठे लेडी डॉक्टर नाही म्हणून तासन् तास बसवून ठेवायचं. मग दोन बोटांची तीच तपासणी, आणि अहवालात 'सवय' हा शब्द. गर्भ राहू नये म्हणून गोळी द्यायची, एचआयव्हीचा धोका असेल तर औषध द्यायचं, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसायचं.

२००० मध्ये मुंबई महापालिका आणि 'सेहत' ही संशोधन संस्था यांनी मिळून वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू केलं. सार्वजनिक रुग्णालयात, ओपीडीच्या आवारात, हिंसा सोसणाऱ्या बाईसाठी समुपदेशनाची जागा. पडले म्हणून हात मोडला असं सांगणाऱ्या बाईला नर्सनं हळूच विचारायचं, नक्की पडलात ना? आणि तिनं मान खाली घातली तर तिला दिलासामध्ये न्यायचं. २००८ पासून 'सेहत'नं महापालिकेच्या काही रुग्णालयांत लैंगिक हिंसेच्या केसेससाठीही नीट पद्धत बसवायला सुरुवात केली. बाईची संमती घेऊन तपासणी, उपचार आधी, आणि शेजारी बोलायला माणूस.

तिकडे विदर्भातही एक काम चाललं होतं. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी लैंगिक अत्याचाराच्या वैद्यकीय तपासण्या किती वाईट पद्धतीनं होतात यावर सविस्तर अहवाल तयार केला. त्यावरून २०१० मध्ये जनहित याचिका झाली. कुठे? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात. १९७६ मध्ये ज्या खंडपीठानं भीती आणि संमती यांतला फरक ओळखला, तिथेच.

मग आलं डिसेंबर २०१२. दिल्लीतली घटना, देशभरातला उद्रेक. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा, न्यायमूर्ती लीला सेठ आणि गोपाल सुब्रमण्यम यांच्या समितीनं एका महिन्याच्या आत, २३ जानेवारी २०१३ ला, अहवाल दिला. लोकांकडून ऐंशी हजारांवर सूचना आल्या होत्या. १९७९ मध्ये चार जणांनी एक पत्र लिहिलं होतं, २०१३ मध्ये पत्रं लिहिणारे ऐंशी हजार. या दोन आकड्यांच्या मध्ये तेहेतीस वर्षांची जनजागृती आहे.

त्या वर्षी कायद्यात एक ओळ आली. संमती म्हणजे काय याचं स्पष्टीकरण देताना कायद्यानं सांगितलं की एखाद्या स्त्रीनं शारीरिक प्रतिकार केला नाही, केवळ एवढ्यावरून तिनं संमती दिली असं मानता येणार नाही. आता १९७८ चा निकाल आठवा. तिथे जे कारण देऊन पोलिसांना सोडलं होतं, तेच कारण या ओळीनं खोडून काढलं. देसाईगंजच्या त्या रात्रीनंतर एकेचाळीस वर्षांनी. तिचा पूर्वीचा शरीरसंबंधांचा इतिहास संमतीच्या प्रश्नात विचारात घ्यायचा नाही, हेही तेव्हाच आलं. आणि सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णालयानं पीडितेवर तातडीनं आणि मोफत उपचार केलेच पाहिजेत, नाही केले तर तो गुन्हा, हेही.

२०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत दोन बोटांची तपासणी करू नये असं लिहिलं. तरी ती चालूच राहिली. ३१ ऑक्टोबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाला पुन्हा बजावावं लागलं की ही तपासणी अशास्त्रीय आहे, ती पीडितेवर पुन्हा अत्याचार करते, आणि यापुढे जो ती करेल तो गैरवर्तनाचा दोषी ठरेल. १९७२ ते २०२२. दोन बोटांचा एक शेरा पुसायला पन्नास वर्षं लागली.

शब्द आणि पहिलं वाक्य

आता थोडं आपल्या भाषेकडे. 'अब्रू लुटली', 'इज्जत गेली', 'कलंक लागला', 'तोंड दाखवायला जागा राहिली नाही'. हे शब्द मराठीत इतके मुरलेत की बातमी लिहिणाऱ्यालाही ते खटकत नाहीत. पण नीट बघा. चोरी झाली तर आपण म्हणतो, चोरानं चोरी केली. ज्याच्या घरी चोरी झाली त्याला कुणी कलंकित म्हणत नाही. इथे मात्र गुन्हा करणारा वाक्यातून गायब होतो आणि अब्रू तिची जाते. अब्रू जायला हवी ती त्याची. ही साधी दुरुस्ती घरातल्या बोलण्यात करता आली तरी पुष्कळ होईल.

दुसरा मुद्दा. अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी माणूस, हे चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं वेगळंच सांगतात. नोंदवलेल्या बलात्काराच्या दर दहा प्रकरणांपैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, मालक. मग ती ओरडली का नाही, हा प्रश्न किती पोकळ आहे बघा. ज्याच्या विरुद्ध ओरडायचं तो संध्याकाळी त्याच घरात जेवायला बसणार असतो.

म्हणून उद्या तुमच्यापाशी कुणी बोललं, मैत्रीण, भाची, कामाला येणारी ताई, शेजारचा मुलगा, हो, मुलगासुद्धा, तर तुमचं पहिलं वाक्य महत्त्वाचं आहे. 'तू तिथे गेलीसच कशाला' असं मनात आलं तर ते गिळा. 'तू सांगितलंस ते बरं केलंस. माझा तुझ्यावर विश्वास आहे. यात तुझी चूक नाही.' एवढं पुरे. मग विचारा, आत्ता तुला काय हवंय? आणि ती सांगेल ते ऐका. तिच्या वतीनं तावातावानं निर्णय घेऊ नका. त्याचा जीव घेतो वगैरे भाषा तर अजिबात नको. त्यामुळे ती घाबरते आणि तुम्हालाच सांभाळायला लागते. तिच्या हातून एकदा सगळा ताबा हिसकावून घेतला गेलाय, दुसऱ्यांदा तो तुम्ही घेऊ नका.

घटना नुकतीच घडली असेल तर आधी दवाखाना. एचआयव्ही टाळण्याची औषधं आणि गर्भ राहू नये म्हणूनची गोळी जितक्या लवकर तितकी बरी. औषधांसाठी बहात्तर तासांची मर्यादा ध्यानात ठेवा. जमलं तर तपासणीच्या आधी अंघोळ नको, अंगावरचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा. पण अंघोळ केली असेल, कपडे धुतले असतील, दिवस उलटले असतील, तरी जायचंच. उपचारांसाठी आधी एफआयआर लागत नाही, हे दवाखान्यात ठामपणे सांगा. रुग्णालय पोलिसांना कळवेल, ते त्यांच्यावर बंधनकारक आहे. पण तपासणीच्या प्रत्येक टप्प्याला हो किंवा नाही म्हणायचा हक्क तिचा आहे, आणि तपासणीला नाही म्हटलं म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. फिर्याद कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्द आमची नाही असं म्हणून पोलीस परत पाठवू शकत नाहीत. वय अठराच्या आत असेल तर मात्र पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि हे त्या मुलाला किंवा मुलीला समजेल अशा शब्दांत आधी सांगून ठेवा.

महाराष्ट्रात २०१३ पासून 'मनोधैर्य' योजना आहे. त्यातून अर्थसाहाय्य मिळतं. जिल्ह्याजिल्ह्यांत 'सखी' वन स्टॉप सेंटर आहेत. तिथे उपचार, समुपदेशन, कायद्याचा सल्ला आणि थोडे दिवस राहायची सोय एका ठिकाणी मिळावी अशी रचना आहे. सगळीकडे ती सारखी चालते असं नाही. म्हणून तिला एकटीला पाठवू नका, सोबत जा. तिकडच्या बाकावर तास-दोन तास तिच्या शेजारी बसावं लागेल. बसा. त्या बसण्यालाच आधार म्हणतात.

क्रमांक लिहून ठेवा. तातडीची मदत ११२. महिलांसाठी १८१. मुलांसाठी १०९८. स्वतःच्या फोनमध्ये आत्ताच सेव्ह करा, आणि घरात मोठी होत असलेली मुलं-मुली असतील तर त्यांच्याकडूनही पाठ करून घ्या.

आज इथेच थांबूया. पुढच्या भागात वसुधा धागमवारांबद्दल बोलू. पुण्याहून त्या पत्रावर सही करणाऱ्या या बाईंनी पुढे कायदा सोप्या भाषेत लोकांपर्यंत पोचवण्याचं मोठं काम केलं, आणि मराठीत त्यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं. तोवर काळजी घ्या, स्वतःचीही आणि एकमेकांचीही. नमस्कार.